हबीबभाई आणि आपोआप सरकणारं पान

जुन्नरच्या पेठेत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. त्याला लागून एक शटर कायम बंद दिसतं, ते हबीबभाईंचं. ते जाऊन वर्ष होत आलं, तरी आठवड्यातून एखादा माणूस काखेत लॅपटॉप मारून येतो आणि मलाच विचारतो, "ते टचपॅडवाले बाबा कवा येत्यात?" मी सांगते, "गेले ते." त्यावर "कुठं?" असं विचारणारेही भेटतात. अशा माणसाला मी झेरॉक्ससुद्धा काढून देत नाही.

हबीबभाई उंच, किडकिडीत. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशाला पेनांच्या जागी तीन स्क्रू-ड्रायव्हर. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. हबीबभाई घड्याळांवरून रेडिओवर गेले, रेडिओवरून टीव्हीवर आणि टीव्हीवरून लॅपटॉपवर. कुठला कोर्स केला नाही, कुठला दाखला भिंतीवर नव्हता. गिऱ्हाईक आलं की त्याच्या हातातला लॅपटॉप घ्यायचेच नाहीत. आधी स्टूल पुढे सरकवायचे. "बसा. पहिल्यापासनं सांगा." गिऱ्हाईक म्हणायचं, "सांगायचं काय त्यात, टचपॅड चालंना." "कवापासनं चालंना? त्या आधी काय केलं व्हतं?" मग हळूहळू चहा सांडलेला निघायचा, अपडेट निघायचं, रागाच्या भरात आपटलेलं झाकण निघायचं, आणि कधीकधी तर पूर्ण घरचं भांडणच बाहेर यायचं. पार्टिशनच्या अलीकडे मला सगळं ऐकू यायचं. खोटं कशाला बोलू, मी टायपिंग थांबवून ऐकायचे.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे त्यांनी मला एकदा बशीतला चहा फुंकत सांगितलं. "ताई, बोटाची भाषा येगळी, मशीनची येगळी. मधी एक दुभाषी बसवलाय, त्यो ड्रायव्हर. बोट म्हणतंय खाली चल, दुभाषी सांगतोय वर चल. आन लोक शिव्या देत्यात बोटाला." नव्या ड्रायव्हरने काम बिघडवलं की ते मुकाट्याने जुना परत बसवत. "नवा आला म्हंजे शहाणा आला असं न्हाई," हे वाक्य ते लॅपटॉपला उद्देशून म्हणत आणि बघत मात्र माझ्या नव्या झेरॉक्स मशीनकडे.

गावात शिकवणी घेणारे एक सर होते. एका अपडेटनंतर त्यांच्या लॅपटॉपवर पान उलटं सरकायला लागलं. बोटं खाली ओढली की पान वर. सरांना वाटलं, आपल्याच डोक्यात काहीतरी उलटं झालं. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत, बायकोशीसुद्धा नाही. हबीबभाईंनी सेटिंगमधली एक खूण काढली, पान सरळ झालं. पण सरांना त्यांनी लगेच सोडलं नाही. दहा वेळा त्यांच्याच बोटांनी पान वरखाली करायला लावलं. "डोकं शाबूत हाय सर तुमचं," असं सांगून मग पाठवलं. मी हसले तर माझ्यावरच चिडले. "हसू नका. लोक हसत्यात म्हणून माणूस खरं सांगत न्हाई. आन खरं सांगितलं न्हाई तर दोष घावायचा कसा?"

आपोआप चालणाऱ्या मशीनची त्यांनी कधीच थट्टा केली नाही. दुपारी नमाजाला जाताना ते दुकानातल्या एकूणएक लॅपटॉपची झाकणं लावून जात. एकदा घाईत एक उघडा राहिला. मी सहज डोकावले तर स्क्रीनवरचा बाण हळूहळू फिरत होता. एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जायचा, थांबायचा, परत मागे यायचा. आत कुणी नव्हतं, पंखाही बंद होता. ते आल्यावर मी म्हटलं, "भाई, तुमचं एक गिऱ्हाईक आतच राहिलंय." ते हसले नाहीत. आत गेले, झाकण लावलं आणि बराच वेळ त्यावर हात ठेवून उभे राहिले.

आहुप्याला मी त्यांच्याबरोबर गेले ते ऐन उन्हाळ्यात. तिथल्या शाळेचे छापील फॉर्म मला पोचवायचे होते, आणि शाळेतल्या भवारी गुरुजींचा लॅपटॉप त्यांना बघायचा होता. डिंभ्याला एसटीची वाट पाहून कंटाळलो आणि शेवटी एका मासेवाल्याच्या टेम्पोत बसून वर गेलो. गुरुजींच्या लॅपटॉपवर बाण उड्या मारायचा, पानं पळायची. गावाचं म्हणणं सरळ होतं. गुरुजींनी देवराईत पडलेल्या एका झाडाची फळी करून टेबल बनवलं होतं, आणि राईतली वाळकी काडीदेखील घरी न्यायची नाही हा तिथला कायदा आहे. देवाचं लाकूड आणलं, त्यावर मशीन ठेवलं, आता भोगा.

हबीबभाईंनी चार्जर काढला. बाण शांत. चार्जर लावला, बाण पुन्हा उड्या मारायला लागला. ते उठून शाळेच्या मागे गेले. अर्थिंगचा खड्डा उन्हाने ठणठणीत कोरडा पडला होता. दोन हंडे मिठाचं पाणी त्यात ओतलं आणि लॅपटॉप सुतासारखा सरळ आला. गुरुजी हसले. "म्हंजे देवाचा काय संबंध नव्हता!"

"अर्थिंगचं काम माझं व्हतं गुरुजी, ते झालं," हबीबभाई म्हणाले. "फळीचं तुमचं हाय."

गुरुजींचा चेहरा उतरला, पण त्यांनी फळी उचलली. आम्ही तिघं राईत गेलो. बाहेर रणरणतं ऊन आणि आत दिवेलागणीसारखा अंधार. पाखरू बोलत नव्हतं. झाडाच्या बुंध्यापाशी फळी ठेवली आणि वळलो. राईत येताना पुढे चालणारे हबीबभाई परतताना सगळ्यांच्या मागे राहिले. ओठांत काहीतरी पुटपुटत होते. शाळेपाशी आल्यावर मी विचारलं, "काय झालं?"

"काय न्हाई," ते म्हणाले. "पाचोळ्यात पावलं वाजत व्हती. तिघांच्या मानानं जास्त वाजत व्हती."

मला ऐकू आली नव्हती, असं मी तेव्हा सांगितलं. ऐकू आली होती, पण मोजायची माझी छाती झाली नव्हती.

आता हिरामावशीचं सांगते. हिरामावशी माझ्या आईची चुलत बहीण, बोरी बुद्रुकला मळ्यात राहते. नवरा लवकर गेला, एकुलता एक मुलगा प्रवीण. घरी बसून कुठल्याशा कंपनीचं काम करायचा, दिवसभर लॅपटॉपसमोर. थंडीच्या दिवसांत मोटारसायकलवरून जाताना उसाच्या ट्रॉलीवर आदळला आणि जागच्या जागी गेला.

दहाव्याला कुकडीच्या घाटावर पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. अशा वेळी गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखून एकेकाने पुढे व्हायचं आणि शब्द द्यायचा. चुलत्याने सांगितलं, विहिरीचं काम पुरं करतो. मित्रांनी सांगितलं, आईकडं आमी बघू. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, पण एकही खाली उतरेना. ऊन डोक्यावर आलं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि लोक घरी परतले. मावशी तेवढा वेळ एक अक्षर बोलली नाही.

पुढे कंपनीला काही कागद हवे होते म्हणून चुलत्याने प्रवीणचा लॅपटॉप उघडला. त्याच्या फोनमधले फोटो आपोआप त्यात जमा होत, तेच समोर आले. आणि कुणी हात न लावता ते सरकायला लागले. शेकडो फोटो खाली खाली जात राहिले आणि एका फोटोवर येऊन थांबले. तो मावशीचा होता. दारात उभी, उन्हामुळे डोळ्यांवर हात धरलेला. थोड्या वेळाने पान हिसका बसल्यासारखं वर गेलं, आणि पुन्हा सरकत सरकत मावशीपाशीच येऊन थांबलं.

त्या दिवसापासून मावशीने लॅपटॉप बंद करू दिला नाही. चार्जर लावून तो प्रवीणच्या खाटेवर ठेवला आणि ती त्याच्याशेजारी उशी घेऊन झोपायला लागली. वस्तीवरच्या बायका प्रश्न घेऊन आल्या. पान वर गेलं तर हो, खाली आलं तर नाही. मावशीने त्यांना हाकलून दिलं. "माझ्या पोराला इचारून इचारून दमवू नका." रानात जाणं सोडलं, रक्तदाबाची गोळी सोडली. दिवसाकाठी अर्धी भाकरी पोटात गेली तर गेली. मी भेटायला गेले तेव्हा तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावलं.

हबीबभाईंना मी हे सांगितलं तेव्हा ते एक मशीन उघडून बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "टचपॅड मधनं उचलल्यागत दिसतोय का?"

"दिसतोय. मावशी म्हणते, श्वास घेतो."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "ताई, खालची बॅटरी फुगलीय. ती टचपॅडला ढकलतीय, म्हणून बोट फिरवल्यागत पान सरकतंय. रातंदिस चार्जर लावलाय, म्हंजे आणखी फुगणार. कवा पेट घेईल सांगता येत न्हाई. मावशी कुठं झोपत्यात म्हणाला?"

"त्याच्याशेजारी."

भर बाजाराच्या दिवशी त्यांनी शटर ओढलं. नारायणगावपर्यंत एसटी आणि पुढे वाटेत हात करील त्याला घेणारी वडापची जीप, असं करत आम्ही बोरी गाठली. वाटभर त्यांच्या मांडीवर वाळूने भरलेला एक पत्र्याचा डबा होता.

मावशीने आम्हाला पाणी दिलं आणि हबीबभाईंना बजावलं, "भाऊ, बसायचं तर बसा. हात लावू नका."

ते चटईवर बसले. पाऊण तास नुसते बघत राहिले. पान सरकत होतं. कांद्याची चाळ, मित्रांचे घोळके, बैल, कुठलंसं लग्न, परत कांद्याची चाळ, आणि शेवटी मावशी. मी ते पहिल्यांदाच इतका वेळ बघत होते. तिसऱ्या खेपेला माझ्या लक्षात आलं. पान सरकताना मधेच हळू व्हायचं, एखाद्या फोटोवर रेंगाळायचं, मग पुढे जायचं. आपण बघतो तसंच.

"हा फोटो कवाचा?" हबीबभाईंनी विचारलं.

"गेला त्या दिवसाचा. 'आये, हिकडं बघ' म्हणला, आन निघाला."

हबीबभाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "फोटो तिथंच संपत्यात. म्हणून पान थांबतंय." मग ते मावशीकडे वळले. "मावशी, मी खोटं बोलणार न्हाई. पान बॅटरी सरकवतीय, प्रवीण न्हाई. पण त्यानं शेवटचा फोटो तुमचा काढला, ते काय बॅटरीचं काम न्हाई."

मग तिने विचारलं, "आन बॅटरी काढली की?"

"थांबंल."

"मंग नका काढू. पेटली तर पेटू द्या. मी हाय की त्याच्या संगं."

इतक्या साध्या आवाजात ती हे बोलली की मला रडू आलं. इथवर येऊन पोचली होती ती, आणि आम्ही सगळे नातेवाईक तिला फोनवर विचारत होतो, जेवलीस का गं.

हबीबभाई उठले नाहीत, समजावायलाही लागले नाहीत. त्यांनी विचारलं, "दहाव्याला तुमी काय शब्द दिला?"

"काय न्हाई. सगळे बोलत व्हते. मला सुचलंच न्हाई."

"मंग आता द्या. आमी भाईर बसतो."

ते ओट्यावर जाऊन पाठमोरे बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी उंबऱ्यात थांबले, कारण मावशीला एकटं सोडायची मला भीती वाटत होती. ती खाटेसमोर उकिडवी बसली. पान सरकतच होतं.

"पऱ्या," ती म्हणाली. "मी जेवीन. दोन्ही वख्ताला जेवीन. गोळी घेईन. रानात जाईन." मग थोडं थांबून, "तू जा आता."

पान थांबलं. शेवटी नाही, मावशीच्या फोटोवर नाही, मधेच कुठेतरी, कांद्याच्या चाळीच्या एका फोटोवर. मी वाट पाहिली. वर गेलं नाही, खाली आलं नाही. मी ओट्याकडे बघितलं. हबीबभाईंचे हात गुडघ्यांवरच होते.

मी हाक मारली तेव्हा ते आत आले. स्क्रीनकडे पाहून जागच्या जागी थबकले. मग त्यांनी विचारलं, "मावशी, काढू?" तिने मान हलवली. त्यांनी लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, दहा स्क्रू सोडवले. आतली बॅटरी उशीसारखी टम्म झाली होती. ती अलगद उचलून त्यांनी वाळूच्या डब्यात ठेवली आणि डबा घरापासून लांब, मोकळ्या रानात नेऊन ठेवला. मग नुसत्या चार्जरवर लॅपटॉप चालू करून दिला. टचपॅड सपाट बसला होता. फोटो जिथल्या तिथे राहिले.

परतताना जीपमध्ये मी विचारलं, "भाई, ते मधेच कसं थांबलं?"

"तापलं असंल. दाब सरकला असंल."

"असंल?"

नारायणगावला ते उतरताना म्हणाले, "काढताना मी बघितलं ताई. बॅटरी तशीच दाबून व्हती. थांबायचं काय कारण न्हवतं."

त्यानंतर ते महिन्यातून एकदा बोरीला जाऊ लागले. "ड्रायव्हर तपासावा लागतो," असं मावशीला सांगून ठेवलं होतं. महिन्याच्या महिन्याला ड्रायव्हर तपासायला तो काही दमेकरी आहे का? पण पाहुणा आला की मावशीला पिठलं-भाकरी करावी लागे, आणि हबीबभाई एकटे जेवायला बसत नसत. "घरधनीण जेवल्याबिगर पावण्यानं घास घ्यायचा न्हाई, आमच्यात रीत हाय." अशी कुठलीही रीत त्यांच्यात नाही, हे मला ईदेला त्यांच्या घरी जेवताना कळलं. वहिनींना विचारलं तर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

जेवण झालं की ते मावशीला प्रवीणचे फोटो दाखवत. मावशी स्वतः टचपॅडला कधी बोट लावायची नाही. म्हणायची, "ती त्याच्या बोटाची जागा हाय."

शेवटच्या खेपेला मी त्यांच्याबरोबर होते. त्याच आठवड्यात ते गेले, झोपेतच.

त्या दिवशी त्यांनी लॅपटॉप उघडला, टचपॅडवर बोट ठेवलं, आणि बाण हलला नाही. बोट शर्टाला पुसलं, परत फिरवलं. नाही. ड्रायव्हर काढून परत टाकला. नाही. जुना बसवला, मशीन बंद करून चालू केलं. नाही. मग म्हणाले, "ताई, तुमी फिरवा बरं." मी बोट टेकवलं आणि बाण लगेच धावला. त्यांनी पुन्हा ठेवलं. बाण ढिम्म. त्यांनी एकेक करून दहाही बोटं लावून पाहिली.

म्हाताऱ्यांची बोटं कोरडी पडतात, टचपॅडला ती कळत नाहीत, हे त्यांनीच माझ्यासमोर कितीतरी लोकांना सांगितलं होतं. बोटावर तोंडाची वाफ सोडा म्हणायचे. त्यांनी वाफ सोडून पाहिली. काही उपयोग झाला नाही. ते लॅपटॉपकडे बघत नव्हते, आपल्या हाताकडे बघत होते.

मावशी हे सगळं बघत होती. तिने पदराला हात पुसले, त्यांच्याशेजारी येऊन बसली आणि टचपॅडवर बोट ठेवलं. पहिल्यांदाच. बाण हलला. तिने दोन बोटांनी पान खाली नेलं, स्वतःच्या फोटोपर्यंत. क्षणभर पाहिलं आणि आपणच परत वर आणलं.

"चालतंय की भाऊ," ती म्हणाली.

"व्हय. मशीनमधी काय दोष न्हाई." ते बळेच हसले. मग विचारलं, "आता मी न्हाई आलो तरी जेवाल ना, मावशी?"

"असं का बोलताय?"

"आधी सांगा."

"जेवीन."

मग ते जेवले. मी त्या दिवशी मावशीकडे राहणार होते, म्हणून ते एकटेच निघाले. आम्ही दोघी ओट्यावरून बघत होतो. भर दुपारची वेळ. रस्त्याला लागून ते उभे राहिले, पांढरा शर्ट उन्हात लखलखत होता. एक जीप आली. त्यांनी हात केला. वडापवाले शेळीने मान वर केली तरी ब्रेक मारतात, पण ती जीप वेग कमी न करता निघून गेली. दुसरी आली. त्यांनी हात पार उंच केला. ड्रायव्हरने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आत जागा होती, मला ओट्यावरूनही दिसत होतं.

मावशी चप्पल न घालताच धावत सुटली. तिसरी जीप येईपर्यंत ती रस्त्यावर पोचली आणि तिने हात केला. जीप थांबली, आणि ते चढले.